पाचशे गाड्या आणि न आलेली शिंक

सोमवार, राजगीर

राजगीरला आलेला माणूस आधी रोपवेची रांग धरतो. आमच्या यात्रेसोबतच्या भंतेंनी, म्हणजे भिक्खूंनी, टांगे थेट जीवकाम्रवनापाशी थांबवले. रस्त्याच्या कडेला लंबगोल दालनांचे दगडी पाये, थोडी हिरवळ आणि पुरातत्त्व खात्याचा फलक. यापलीकडे तिथे काही नाही.

"दोन मिनिटांत बघून होतंय की हे," काका म्हणाले. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठे किती वेळ थांबायचं याबद्दल त्यांची मतं पक्की.

"बसा काका," भंते म्हणाले. "एक राजा इथे घाबरला होता."

ती गोष्ट सामञ्ञफलसुत्तात, बुद्धांच्या एका पाली उपदेशात आहे. कार्तिकी पौर्णिमेची रात्र. बापाला मारून मगधाच्या गादीवर बसलेल्या अजातशत्रूला चांदणं पाहवत नाही. कुणाकडे गेलं म्हणजे मन शांत होईल, असं तो दरबाऱ्यांना विचारतो. राजवैद्य जीवक म्हणतो, भगवान माझ्या आमराईत उतरले आहेत, सोबत साडेबाराशे भिक्खू आहेत. हत्ती सजतात, मशाली पेटतात, लवाजमा निघतो. आमराई जवळ आली तशी राजाच्या अंगावर काटा उभा राहतो. "जीवका, तू मला शत्रूच्या हाती तर देत नाहीस ना? साडेबाराशे माणसं असून एक शिंक नाही, एक खोकला नाही, हे कसं?" जीवक म्हणतो, भिऊ नका महाराज, पुढे चला, त्या मंडपात दिवे दिसताहेत.

त्या रात्री बुद्धांनी राजाला श्रमणजीवनाची फळं सांगितली, आणि त्यांत चार ध्यानं येतात. आधी पाच नीवरणं, म्हणजे मनाचे अडथळे, बाजूला होतात: कामच्छंद म्हणजे वासना, व्यापाद म्हणजे द्वेष, आळस-सुस्ती, अस्वस्थता-पश्चात्ताप आणि शंका. मग पहिलं ध्यान. त्यात वितक्क म्हणजे चित्ताने विषय धरणं, विचार म्हणजे त्यावर फिरत राहणं, आणि त्यासोबत पीती म्हणजे उल्हास, सुख, एकाग्रता. दुसऱ्यात धरणं-फिरणं गळून पडतं. तिसऱ्यात पीतीची उसळी निवते, सुख उरतं. चौथ्यात सुखही मावळून उपेक्षेने, म्हणजे समभावाने, स्वच्छ झालेली स्मृती उरते.

पण राजाला नुसती यादी दिली नाही, दाखले दिले. एखादा तरबेज स्नान घालणारा काशाच्या ताटात स्नानचूर्ण घेतो, पाणी शिंपडत मळतो. गोळा आतून बाहेरून ओला होतो आणि तरी एक थेंब गळत नाही, तसं पहिलं ध्यान. दुसरं तळ्यासारखं. त्याला कुठूनही ओढा येऊन मिळत नाही, पण बुडाशी झरा आहे आणि त्याच्या गारव्याने सगळं पाणी भरून गेलंय. तिसरं पाण्याखालीच वाढणाऱ्या कमळांसारखं, शेंड्यापासून मुळापर्यंत भिजलेलं. चौथ्याला माणूस डोक्यापासून पायापर्यंत शुभ्र वस्त्र पांघरून बसलेला आहे.

हे चारही दाखले शरीराचे आहेत, आणि ध्यान म्हणजे देहभान हरपणं अशी समजूत घेऊन इथे येणाऱ्याला ते बुचकळ्यात टाकतात. या शरीराचा कणभरही भाग त्या सुखाशिवाय राहत नाही, असं सुत्त म्हणतं. आमच्यातल्या ताईंनी नेमकं तेच धरलं. त्या नर्स आहेत, विपश्यनेची बरीच शिबिरं केलेल्या. "म्हणजे शरीर कळतंय ना भंते?" भंतेंनी म्यानमारात काही वर्षं काढली आहेत, विसुद्धिमग्ग या ध्यानावरच्या जुन्या पाली ग्रंथाच्या पद्धतीने शिकलेले. त्यांचं म्हणणं, अप्पना, म्हणजे पुरती बुडालेली समाधी लागली की पाची इंद्रियांची दारं बंद. सुत्तातला 'काय' म्हणजे हे शरीर नव्हे, तर नामकाय, मनाचा समूह. ताईंना पटलं नाही. हा वाद आजही साधकांमध्ये जोरात आहे आणि तो मिटेल असं मला वाटत नाही. आमच्यात तो सारनाथपर्यंत चालला.

राजाचं पुढे काय झालं? त्याने शरण घेतली, अपराध कबूल केला आणि तो निघून गेला. तो गेल्यावर बुद्ध भिक्खूंना म्हणाले, याने बाप मारला नसता तर याच आसनावर याला धम्मचक्षू, म्हणजे सत्य पाहणारी पहिली दृष्टी, लाभला असता.

मंगळवार, गृध्रकूट

बिंबिसाराच्या रस्त्याने चढलो. रोपवे शेजारच्या रत्नगिरीवर, 1969 सालच्या विश्वशांती स्तूपापाशी जातो आणि गर्दी सगळी तिकडे. गृध्रकूटाच्या वाटेवर माकडं, पताका विकणारी पोरं आणि हळूहळू चढणारे श्रीलंकेचे आजी-आजोबा. माथ्याच्या अलीकडे नैसर्गिक गुहा आहेत. एकीच्या खडकाला लोकांनी सोन्याचे वर्ख लावलेत; वारा आला की सुटलेल्या कडा थरथरतात आणि मागे मेणबत्तीच्या काजळीचा थर दिसतो.

सूकरखाता नावाची लेणी याच डोंगरावरची. एक परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, इथे बुद्धांशी वाद घालायला आला. दीघनख त्याचं नाव. तो म्हणाला, "मला कुठलंच मत मान्य नाही." बुद्धांनी विचारलं, "आणि हे मत? तेही मान्य नाही का?" पुढे बोलणं शरीराच्या नश्वरतेवर आणि वेदनांवर, म्हणजे सुखदुःखाच्या अनुभवांवर गेलं: सुखद वेदना असते तेव्हा दुःखद नसते, प्रत्येक वेदना कारणांनी बनलेली आणि विरणारी. सगळा संवाद दीघनखाशी चाललेला. मागे उभं राहून पंख्याने वारा घालणारे बुद्धांचे पट्टशिष्य सारिपुत्त ऐकत होते, आणि अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, झाले ते सारिपुत्त. दीघनखाला धम्मचक्षू मिळाला, तेही काही थोडं नव्हे.

भंतेंनी या प्रसंगाला अनुपदसुत्ताची जोड दिली. त्यात बुद्ध सारिपुत्तांच्या एका पंधरवड्याचं वर्णन करतात, आणि अट्ठकथांच्या, म्हणजे सुत्तांवरच्या टीकांच्या, परंपरेत तो पंधरवडा या पंखा घालण्याच्या प्रसंगाशी येऊन संपतो. त्या काळात सारिपुत्त पहिल्या ध्यानात गेले आणि तिथे जे जे होतं ते त्यांनी एकेक करून ओळखलं. वितक्क, विचार, पीती, सुख, एकाग्रता. शिवाय स्पर्श, वेदना, संज्ञा, चेतना, चित्त, छंद, अधिमोक्ष, वीर्य, स्मृती, उपेक्षा, मनसिकार. हे 16 धर्म उपजताना कळले, असताना कळले, मावळताना कळले. नव्हते ते झाले, होऊन गेले. मग दुसरं ध्यान, तिसरं, चौथं, पुढच्या अरूप अवस्था, सगळीकडे हाच शिरस्ता, आणि प्रत्येक ठिकाणी 'याच्याही पुढे सुटका आहे' ही जाण.

एक बारकावा फार महत्त्वाचा. नैवसंज्ञानासंज्ञेत, म्हणजे सर्वांत वरच्या अरूप अवस्थेत, सारिपुत्त आत असताना काही तपासत नाहीत. तिथे संज्ञा इतकी पातळ झालेली असते की पाहणारी जाणीवच काम करू शकत नाही. ते बाहेर येतात आणि मग, जे होऊन गेलं त्याकडे पाहतात. ध्यानाच्या खोलीला आणि प्रज्ञेच्या कामाला एकाच मापाने मोजता येत नाही, हे मला त्या एका वाक्यात जितकं स्पष्ट दिसलं तितकं लांबलचक विवेचनांत कधी दिसलं नव्हतं.

उतरल्यावर वेणुवनात बसलो. तिथे भंतेंनी सारिपुत्तांची आणखी एक गोष्ट सांगितली, उदान या पाली ग्रंथातली. चांदण्या रात्री ते उघड्यावर समाधीत बसलेले, डोकं नुकतंच मुंडलेलं. वरून दोन यक्ष चालले होते. एकाला त्या चकचकीत डोक्यावर टोला हाणायची लहर आली. सोबत्याने नको म्हटलं तरी हाणलाच. त्या टोल्याने हत्ती आडवा झाला असता, डोंगराचं शिखर फुटलं असतं. त्यांचे सोबती मोग्गल्लान यांनी दिव्यदृष्टीने ते पाहिलं आणि धावत येऊन विचारलं, "बरं आहे ना?" सारिपुत्त म्हणाले, बरं आहे, डोकं जरा दुखतंय. मोग्गल्लान त्यांच्या सामर्थ्याने थक्क झाले, आणि सारिपुत्त म्हणाले, सामर्थ्य तुमचं, तुम्हाला यक्ष दिसतात, मला तर मातीतलं पिशाच्चसुद्धा दिसत नाही.

काका खूप हसले. पुढे प्रवासभर कुणी विचारलं की, "डोकं जरा दुखतंय."

बुधवार, नालंदा

वाटेत सिलावला खाजा घेतला. नालंदा महाविहार 2016 पासून जागतिक वारसा यादीत आहे, गाइड आहेत, शाळांच्या सहली आहेत. भिक्खूंच्या खोल्या, विटांचे ओटे, युआन श्वांग सातव्या शतकात इथे शिकला वगैरे सगळं पाहून झालं. आमचं काम तिसऱ्या क्रमांकाच्या मंदिरापाशी, कारण परंपरा त्या जागेचा संबंध सारिपुत्तांशी लावते. त्यांचं जन्मगाव याच परिसरातलं, आणि शेवटच्या आजारात त्यांनी देह ठेवला तोही मगधातल्या नालकगामात.

सारिपुत्तांविषयीची एक नोंद मला सबंध त्रिपिटकात सर्वांत जवळची वाटते. प्रसंग श्रावस्तीचा आहे, पण आठवण इथे निघाली. संध्याकाळी ते जेतवनात परत येतात. बुद्धांचे सेवक-शिष्य आनंद म्हणतात, "तुमची इंद्रियं प्रसन्न दिसताहेत, चेहरा उजळलाय. आज मनाच्या कुठल्या विहारात, कुठल्या अवस्थेत होता?" सारिपुत्त सांगतात, पहिल्या ध्यानात होतो. आणि पुढे म्हणतात, पण 'मी पहिल्या ध्यानात जातोय', 'मी पोचलो', 'मी त्यातून उठलो' असं काही माझ्या मनात आलं नाही. आनंदांना नवल वाटत नाही. ते म्हणतात, अहंकार, ममंकार म्हणजे 'माझं'पण, आणि मानाचे अनुशय, म्हणजे खोल दडलेल्या प्रवृत्ती, तुमच्यातून केव्हाच उपटून गेलेत, म्हणूनच.

मग ध्यानात गेलं कोण, असं काकांनी विचारलंच. भंते म्हणाले, "ध्यान झालं." काकांनी वहीत लिहून घेतलं आणि खाली प्रश्नचिन्ह काढलं.

गुरुवार, ढुंगेश्वरी

राजगीर ते गया रस्त्यात धुकं इतकं की ड्रायव्हर ट्रकच्या मागच्या दिव्यावर गाडी हाकत होता. भंतेंनी तेवढ्यात बोधिसत्त्वाच्या, म्हणजे बुद्ध होण्याआधीच्या गौतमाच्या, दोन गुरूंची गोष्ट पुरी केली. पाली सुत्तं या गुरूंची ठिकाणं सांगत नाहीत. ललितविस्तर या संस्कृत बुद्धचरितात आळार कालाम वैशालीला आणि उद्दक रामपुत्त राजगृहाला भेटतो. आळाराने आकिंचन्यायतन शिकवलं, 'काहीच नाही' या संज्ञेतली समाधी. शिष्याला ती लवकरच साधली, तेव्हा आळाराने त्याला आपल्या बरोबरीने बसवलं. उद्दकाकडे त्याहून वरची, नैवसंज्ञानासंज्ञेची. यातली मेख अशी की ती उद्दकाने स्वतः मिळवलेली नव्हती, त्याच्या बापाने, रामाने मिळवली होती. शिष्याला साधल्यावर उद्दकाने अख्खा गण त्याच्या हवाली करायची तयारी दाखवली. दोन्ही ठिकाणी मान मिळाला, आणि दोन्ही ठिकाणांहून तो निघाला. ही समाधी निर्वेदाकडे म्हणजे विरक्तीकडे, बोधीकडे नेत नाही; मेल्यावर त्या त्या लोकात जन्म देते एवढंच, असं त्याने पाहिलं.

ढुंगेश्वरीच्या टेकडीवर चढ थोडाच आहे, पण मागणाऱ्यांची रांग पायथ्यापासून दारापर्यंत. गुहेत तीनचार माणसं कशीबशी मावतात. आत दिव्यांची ऊब, तुपाचा वास आणि सोनेरी रंगाची, बरगड्या मोजाव्यात अशी मूर्ती. उरुवेलेच्या, म्हणजे बोधगयेच्या, परिसरातलं त्याचं दुष्कर तप परंपरेने या टेकडीशी जोडलं आहे. महासच्चकसुत्तातलं त्याचं वर्णन वाचवत नाही. श्वास कोंडून बसल्यावर कानांतून लोहाराच्या भात्यासारखा आवाज, बलदंड माणसाने डोक्याभोवती वादी आवळावी तशी कळ, पोटाला हात लावला तर पाठीचा कणा हाती लागावा. ताई म्हणाल्या, "मी असे पेशंट पाहिलेत," आणि लगेच बाहेर आल्या.

बाहेर पायरीवर भंतेंनी त्या सुत्तातलं वळण सांगितलं. एवढं करूनही हाती काही लागलं नाही, तेव्हा त्याला लहानपण आठवलं. वडील कामात असताना जांभळीच्या गार सावलीत बसलो होतो, तेव्हा पहिलं ध्यान आपसूक लागलं होतं. हाच तर बोधीचा मार्ग नसेल? मग तो स्वतःला विचारतो: कामवासनेशी ज्याचा संबंध नाही अशा सुखाला मी का भितोय? या प्रश्नाने सहा वर्षांचं तप उलटं फिरलं. एवढ्या वाळलेल्या शरीराने ते सुख मिळणार नाही म्हणून तो जेवला. सुत्तात भात आणि कुम्मास, म्हणजे धान्याचं एक साधं खाणं, आहे. सुजाता आणि खीर नंतरच्या परंपरेत येतात. पाच सोबती 'हा चैनीला लागला' म्हणत सोडून गेले.

म्हणजे ज्या ध्यानाच्या सर्वोच्च पायऱ्या सोडून तो आला, त्याच ध्यानाच्या पहिल्या पायरीला त्याने वाट म्हटलं. मला वाटतं, गुरूंकडे समाधी ही मालमत्ता होती. उद्दकाकडे तर वारशाने आलेली. जांभळीखालच्या मुलाकडे ती कुणाचीच नव्हती. हे माझं म्हणणं, भंतेंचं नव्हे. त्यांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली, पण होकाराची की नकाराची ते कळलं नाही.

शुक्रवार आणि शनिवार, बोधगया

महाबोधी विहारात मोबाईल नेता येत नाही, तो बाहेर जमा करावा लागतो. त्यामुळे तिथे लोक एकमेकांना शोधत फिरतात. पहाटे 5 वाजता दार उघडलं तेव्हा आमच्याआधी तिबेटी दंडवतवाले पोचलेले. घासून गुळगुळीत झालेल्या लाकडी फळ्यांवर हातमोजे सरकण्याचा एकसारखा सूं आवाज. बोधिवृक्षाखाली एका देशाचं सुत्तपठण चालू, पलीकडे दुसऱ्या देशाचं, दोन्हींना लाउडस्पीकर. आत्ताचं झाड पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅमने 1881 साली लावलेलं. आधीचं 1876 च्या वादळात पडलं. खाली अशोककालीन वज्रासनाचा दगड, कठड्याआड. पान गळलं की तीनचार जण धावतात. एक वयस्क भिक्खुणी अगदी मांडीशी पडलेल्या पानाकडे न बघता बसून होती. तिच्या पुढ्यातून एका मुलाने ते उचललं तरी पापणी हलली नाही.

अशा गलक्यात ध्यान? काकांनी तक्रार केली आणि ती अगदी शास्त्राला धरून निघाली. कंटकसुत्त सांगतं, पहिल्या ध्यानाला आवाज हा काटा आहे. दुसऱ्याला वितक्क-विचार, तिसऱ्याला पीती, चौथ्याला श्वासोच्छ्वास. वैशालीला लिच्छवींच्या रथांचा गोंगाट झाला तेव्हा थेर, म्हणजे ज्येष्ठ भिक्खू उठून गोसिंग सालवनात गेले, आणि बुद्धांनी त्यांना बरोबर केलंत असं म्हटलं.

"बघा," ताई म्हणाल्या, "काटा टोचतो म्हणजे ऐकू येतं."

"काटा म्हणजे आत जाऊ देत नाही. किंवा बाहेर काढतो," भंते म्हणाले. आणि त्यांनी महापरिनिब्बानसुत्त काढलं. आळार कालाम रस्त्याकडेच्या झाडाखाली बसलेला असताना अगदी जवळून पाचशे गाड्या गेल्या. मागून आलेल्या माणसाने विचारलं, गाड्या पाहिल्यात? नाही. आवाज? नाही. झोपला होतात? नाही, जागा होतो, शुद्धीत होतो. उपरण्यावर मात्र धूळ बसलेली. आळाराचा शिष्य पुक्कुस मल्ल याने मोठ्या अभिमानाने हे बुद्धांना सांगितलं. बुद्धांनी आतुमा गावचा प्रसंग सांगितला: विजा कडाडत होत्या, दोन शेतकरी भाऊ आणि चार बैल मेले, आणि जवळच भुशाच्या खोपटात जागे असूनही बुद्धांनी स्वतः काही पाहिलं-ऐकलं नव्हतं.

ताई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "पण मग आळारात आणि त्यांच्यात फरक काय राहिला?" वाद बाजूला पडला, आणि मला तो प्रश्न वादापेक्षा मोठा वाटला. ऐकू न येण्यात फरक नव्हताच. वीज आणि गाड्या यांची तुलना पुक्कुसाला पुरली, त्याला तेवढंच कळत होतं. या झाडाखाली चौथ्या ध्यानानंतर जे झालं ते खोल समाधीच्या तपशिलात सांगितलेलं नाही. पूर्वजन्मांचं स्मरण, प्राण्यांचं मरणं-जन्मणं, आणि शेवटी आस्रवांचा, म्हणजे मनातल्या मळांचा, क्षय. शांत, लवचिक, कामाला योग्य झालेलं चित्त तिकडे वळवलं, असं सुत्त म्हणतं. चित्त वळवलं गेलं, यातच सारं आहे.

शनिवारी पहाटे मीही बसलो, उत्तरेच्या चंक्रमणाच्या, म्हणजे बुद्धांच्या येरझारांच्या, ओट्याजवळ, जिथे पावलांच्या जागी दगडी कमळं कोरलीत. श्वास पातळ होत गेला, नाकपुडीपाशी कापसासारखं मऊ काही तरी पसरलं, लाउडस्पीकर लांब गेला. तेवढ्यात आतून आवाज: 'जमलं वाटतं.' संपलं सगळं. काकांचं त्याहून बरं. त्यांना अर्धा तास काही ऐकू आलं नाही.

"झोप लागली असेल काका."

"मान सरळ होती!"

भंतेंनी एवढंच विचारलं, "उठल्यावर मन जड होतं की लख्ख? आणि काय काय होतं तिथे, ते पाहता येतंय का आता?" काका प्रामाणिक माणूस. म्हणाले, "भूक होती."

रविवार, सारनाथ

गाडी धुक्यामुळे रखडली, दुपार टळता टळता पोचलो. धर्मराजिक स्तूपाचा आता गोल पायाच उरलाय. 1794 मध्ये जगतसिंगाच्या माणसांनी विटांसाठी तो उकलला. धमेख स्तूप मात्र उभा आहे, खालच्या दगडांवर वेलबुट्टीचा गुप्तकालीन पट्टा.

बोधीनंतर पहिल्यांदा कुणाला सांगावं, असा विचार आला तेव्हा बुद्धांना आधी आळार आठवला. तो 7 दिवसांपूर्वी वारलेला. मग उद्दक, तो आदल्याच रात्री. दोघांना पटकन समजलं असतं असं ते म्हणतात, सोडून आलेल्या गुरूंबद्दल. मग ते बोधगयेहून इथे, रुसून गेलेल्या पाच जणांकडे आले.

अनत्तलक्खणसुत्त, आत्मा नाही हे सांगणारं, इथलं, धम्मचक्क या पहिल्या उपदेशानंतरचं. रूप आत्मा असतं तर त्याला दुखणं लागलं नसतं, 'माझं रूप असं असो, असं नसो' म्हणता आलं असतं. वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान म्हणजे जाणीव, सगळ्यांना हाच निकष. मग प्रश्नोत्तरं: नित्य की अनित्य? अनित्य, भंते. दुःख की सुख? दुःख. जे अनित्य, दुःख, बदलणारं, त्याला 'हे माझं, हा मी, हा माझा आत्मा' म्हणणं योग्य का? नाही, भंते. यात विज्ञानही आहे, हे लोक विसरतात. ध्यानात उरणाऱ्या स्वच्छ साक्षीला बाजूला काढून 'हा खरा मी' म्हणायची सोय इथे ठेवलेली नाही. पाचही जण ऐकता ऐकता मुक्त झाले.

"पण एवढं ऐकून आमचा मी जात नाही," ताई म्हणाल्या. "कळतं सगळं."

भंतेंनी खेमकाची गोष्ट काढली. कोसंबीजवळ बदरिकारामात खेमक आजारी पडलेला. घोसितारामातल्या थेरांनी दासक नावाच्या भिक्खूला विचारपूस करायला पाठवलं. निरोप आला, दुखणं वाढतंय. पुन्हा पाठवलं: रूप, वेदना वगैरे पाच स्कंधांपैकी कशाला तू आत्मा मानतोस का? नाही. पुन्हा: मग तू अर्हत आहेस का? नाही; 'मी आहे' हे अजून उरलंय, पण 'हा मी' असं कशाला म्हणत नाही. पुन्हा: तो 'मी आहे' म्हणजे रूप की वेदना की काय? आता खेमक म्हणाला, दासका, पुरे ही धावपळ, माझी काठी आण. आणि दुखणं घेऊन स्वतः चालत गेला. त्याने सांगितलं, कमळाचा वास पाकळीचा म्हणावा, देठाचा की केसरांचा? तो फुलाचा. तसा हा 'मी'. धुतलेल्या कपड्याला खाराचा वास राहतो, तो सुगंधी पेटीत ठेवल्यावर जातो; तसं स्कंधांचं उपजणं-मावळणं पाहत राहिलं की हा उरलेला वास जातो. तो हे समजावत असताना साठ थेरांचं चित्त मुक्त झालं.

"म्हणजे आजारी माणसाला चालत आणल्याशिवाय साठ जणांचं काम झालं नाही," काका म्हणाले.

"एकसष्ट," भंते म्हणाले. "खेमकही त्यातच सुटला."